युगांडातल्या ब्विंडीचा व्हॉलंटियर दिवस: हॉस्पिटलला पाच स्टार, एजन्सीला दोन

सरळ मुद्द्यावर येते. युगांडाच्या नैऋत्य कोपऱ्यात कानुंगू जिल्ह्यात बुहोमा नावाचं गाव आहे, तिथल्या ब्विंडी कम्युनिटी हॉस्पिटलमध्ये आणि आसपासच्या डोंगरातल्या वस्त्यांवर एक अख्खा दिवस घालवता येतो, आणि तो दिवस पाचपैकी पाच. ज्या एजन्सीने आम्हाला ही 'मेडिकल व्हॉलंटियर टूर' विकली तिला मात्र दोनच्या वर द्यायची माझी तयारी नाही. एजन्सी नवी मुंबईतली आहे, नाव टाकत नाहीये कारण अशा बऱ्याच निघाल्यात आणि सगळ्यांची विकायची पद्धत सारखीच आहे, एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात.

मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पावसाळा लागला की मलेरिया नि डेंग्यूची सॅम्पल्स बघण्यातच दिवस जातो. सोबत ऐरोलीची मैत्रीण होती, ती नर्स आहे. आम्ही दोघी पूर्वीपासून शहापूर, मुरबाडकडच्या आरोग्य शिबिरांना जातो, त्यामुळे लांबच्या गावात दवाखाना कसा चालतो याची थोडी कल्पना होती आणि म्हणूनच आफ्रिकेतलं बघायची खूप इच्छा होती. हे आधी सांगते म्हणजे मी कुठल्या नजरेने बघितलं ते कळेल.

प्रवासाचं पटकन सांगून टाकते. मुंबईहून एंटेबेला युगांडा एअरलाइन्सची थेट फ्लाइट 2023 मध्ये सुरू झाली, सहाएक तास लागतात, घड्याळ अडीच तास मागे करायचं. खरा प्रवास तिथून पुढे. एंटेबे ते बुहोमा गाडीने आख्खा दिवस जातो, वाटेत विषुववृत्ताची खूण येते तिथे सगळे उतरून फोटो काढतात, मबाराराच्या बाजूला लांबलचक शिंगांच्या अंकोले गाई दिसतात आणि शेवटचा पट्टा डोंगरातला, चहाचे मळे, लाल माती, एका बाजूला दरी. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच बसा. त्याच भागातल्या किहीही गावापर्यंत छोटं विमान पण जातं पण ते महाग पडतं.

आता हॉस्पिटल. 2003 मध्ये डॉ. स्कॉट केलरमन आणि त्यांच्या पत्नी कॅरल या अमेरिकन जोडप्याने इथे झाडाखाली दवाखाना सुरू केला, मुख्यतः बाट्वा लोकांसाठी. बाट्वा म्हणजे ब्विंडीच्या जंगलात पिढ्यानपिढ्या राहणारी, शिकार आणि मधावर जगणारी माणसं. 1991 मध्ये जंगलाचं नॅशनल पार्क झालं आणि त्यांना बाहेर काढलं. गोरिला वाचले ही चांगलीच गोष्ट झाली, जगातल्या माउंटन गोरिलांपैकी जवळजवळ निम्मे इथे आहेत, पण जंगल हेच ज्यांचं घर, दुकान नि औषधाचं कपाट होतं ती माणसं एका झटक्यात दुसऱ्याच्या शेतावरची मजूर झाली. मी ठाण्यात वाढलेय, संजय गांधी नॅशनल पार्कला लागून असलेल्या येऊरच्या पाड्यांवर जाणंयेणं असतं, पार्क आणि पाडा यांच्यातला तणाव लहानपणापासून ऐकलाय, त्यामुळे हे ऐकताना मला काही परकं वाटलं नाही. झाडाखालच्या त्या दवाखान्याचं आज पूर्ण हॉस्पिटल झालंय. ऑपरेशन थिएटर, बाळंतपणाचा वॉर्ड, लहान मुलांचा वॉर्ड, एचआयव्हीचं क्लिनिक आणि शेजारी स्वतःचं नर्सिंग स्कूल.

पोचल्या पोचल्या एक गोष्ट झाली ज्यासाठी मी हॉस्पिटलला अर्धे मार्क तिथेच देऊन टाकले. एजन्सीने आम्हाला सांगितलेलं की तुम्ही 'हँड्स ऑन' काम कराल, रक्त काढाल, ड्रेसिंग कराल, अगदी डिलिव्हरीला मदत कराल. आमच्या ग्रुपमध्ये कॉलेजची पोरंपण होती, कॉमर्सची, त्यांनासुद्धा हेच सांगितलेलं! तिथल्या सिस्टरने शांतपणे सगळ्यांना उभं करून सांगितलं, तुमच्याकडे आमच्या देशातल्या कौन्सिलची नोंदणी नाही, त्यामुळे पेशंटला हात लावायचा नाही, बघा, विचारा, सामान उचलायला मदत करा. ग्रुपमधल्या एकाचं तोंड पडलं, पैसे भरलेत ना आम्ही, असं पण पुटपुटला. मला विचाराल तर जे हॉस्पिटल असं ठणकावून सांगतं तेच विश्वासाचं. आपल्या सिव्हिलमध्ये उद्या कोणी परदेशी टुरिस्ट येऊन आपल्या आईच्या हातात सुई खुपसायला लागला तर चालेल का आपल्याला?

सकाळी आम्हाला आउटरीचच्या, म्हणजे वस्त्यांवर जाऊन तपासणी करणाऱ्या टीमबरोबर पाठवलं. गाडी एका ठिकाणी थांबते, पुढे पायवाट. चढ चांगलाच आहे, पाऊस झालेला असला तर लाल चिखल बुटाला धरून बसतो. चर्चच्या बाहेर एका झाडाला वजनकाटा लटकवलेला होता, त्याला कापडी चड्डीसारखी झोळी, बाळाला त्यात बसवायचं, बाळ भोकाड पसरतं, आई हसते, नर्स आकडा मोठ्याने वाचते आणि गावातली आरोग्य स्वयंसेविका तो वहीत टिपते. ही स्वयंसेविका म्हणजे तिथल्या व्हिलेज हेल्थ टीमची बाई, व्हीएचटी म्हणतात. गंमत म्हणजे युगांडाच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत सगळ्यात खालचा हेल्थ सेंटर नंबर एक म्हणजे ही टीमच, त्याला इमारत नसते, माणसं हाच दवाखाना. आपल्या आशाताईंसारखंच काम, कोणाच्या घरी गरोदर बाई आहे, कोणाचं बाळ वाळतंय, कोणाचा खोकला थांबत नाहीये सगळं तिला पाठ. पण पगार असा नाहीच. आपल्याकडे आशाताई मानधनासाठी आझाद मैदानात बसतात तेव्हा लोक कटकट म्हणतात, मी इथे त्या बाईला चिखलातून पाठीवर स्वतःचं मूल बांधून चालताना बघितलं आणि मला पुन्हा एकदा पटलं की ह्या कामाला नीट पैसे मिळालेच पाहिजेत, तिथेही आणि इथेही.

मग त्या व्हीएचटीने पिशवीतून दंडाची पट्टी काढली, मुलाचं कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतात ती. हीच पट्टी आमच्या शिबिरात असते, तेच रंग. साडेबाराच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटर पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे गंभीर कुपोषण. दीडेक वर्षाच्या एका पोराच्या दंडाभोवती ती गुंडाळली, खाचेतून ओढली, आणि लाल पट्टा दिसला. कोणी काही बोललं नाही. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला, हॉस्पिटलमध्ये कधी यायचं ते समजावलं, नर्सने शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं कशी द्यायची ते दाखवलं, पाकीट आधी हाताने मळायचं, कोपरा फाडायचा, बाळाला थोडं थोडं चाटवायचं, बरोबर पाणी पाजायचं, घरातल्या बाकीच्या पोरांना वाटायचं नाही. हे शेवटचं सांगणं सगळ्यात अवघड, कारण घरात भुकेलं पोर एकच नसतं. जव्हार, मोखाड्याच्या नर्सेसकडून मी अगदी हेच ऐकलंय.

लसीच्या बॉक्समध्ये गोवर-रुबेलाची व्हायल होती, लेबलवर पुण्याचं नाव. मी सिस्टरला म्हटलं, हे माझ्या घरापासून तीन-चार तासांवर बनतं, तर ती म्हणाली आमची अर्धी फार्मसी तुमच्याकडचीच आहे. दुपारी फार्मसी बघितली, खरंच शेल्फवर ओळीने भारतातली नावं. एचआयव्हीच्या औषधांचं तर मला आधीपासून माहीत होतं, 2001 मध्ये मुंबईच्या सिपलाने तीन औषधांचा वर्षाचा कोर्स साडेतीनशे डॉलरला द्यायची तयारी दाखवली, त्याआधी तोच दहा हजार डॉलरच्या घरात होता. पुस्तकात वाचणं वेगळं आणि क्लिनिकच्या बाकावर आपली गोळ्यांची बाटली पर्समध्ये टाकून, मैत्रिणीशी गप्पा मारत घरी निघालेली धडधाकट बाई बघणं वेगळं. मला अभिमान वाटला आणि तो लपवायचं काही कारण नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ती. एंगोझी.

त्या भागात डोंगरातून आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणायला वेताची विणलेली स्ट्रेचर असते, लांबट टोपलीसारखी, खाली दोन दांडे, चौघांच्या खांद्यावर. तिला एंगोझी म्हणतात आणि ती वाहून न्यायला प्रत्येक गावात घराघरांचा गट असतो, त्यालाही एंगोझीच. कोणी आजारी पडलं, बाई अडली, कोणी गेलं की गटातली माणसं जमतात. आळीपाळीने खांदा बदलतात. वहीत सगळ्यांची नावं, कोण आलं कोण नाही ते लिहिलेलं, न आलेल्याला दंड. हळूहळू हे गट वर्गणी पण काढायला लागले, नडीला उसने पैसे द्यायला लागले, म्हणजे आपल्या भिशीसारखंच. आणि हॉस्पिटलने काय केलं तर 2010 मध्ये ह्याच गटांना धरून स्वतःची आरोग्य विमा योजना काढली, ईक्वालिटी नावाची. माणूस एकटा नाही तर गटाने सभासद होतो, वर्षाला थोडी वर्गणी, आणि आजारी पडल्यावर हॉस्पिटलमध्ये ठरलेली लहानशी रक्कम भरायची, बाकीचं योजना बघते.

मला हे इतकं भिडलं की मी तिथे योजनेचं काम बघणाऱ्या क्लार्कला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. गट म्हणून का? तर म्हणे एकेकट्याने घेतलं की फक्त आजारी माणसंच विमा घेतात, निरोगी लोक येतच नाहीत आणि मग पैसे पुरत नाहीत. गट आला की म्हातारे, तरुण, पोरं, सगळे येतात. दुसरं म्हणजे विश्वास. लांबच्या कंपनीला कोण पैसे देईल, पण उद्या मला खांद्यावर घेऊन जाणारा माणूसच वर्गणी मागायला आलाय तर त्याला नाही कसं म्हणणार? आणि हॉस्पिटलचा फायदा म्हणजे पेशंट लवकर येतात. खिशात पैसे नाहीत म्हणून चार दिवस घरीच ताप काढला आणि पाचव्या दिवशी बेशुद्ध होऊन आला, हे कमी होतं. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारात हे चार दिवस म्हणजे सगळं काही असतं.

पावसाळ्यात आपल्याकडच्या पेपरात काय बातमी असते आठवा. शहापूरच्या, जव्हारच्या पाड्यावरून गरोदर बाईला चादरीची झोळी करून बांबूला बांधून रस्त्यापर्यंत आणलं. दरवर्षी बातमी येते, दरवर्षी आपण हळहळतो. झोळी आपल्याकडेही आहे, खांदा देणारी माणसं पण आहेत. आणि बचत गट तर पाड्यापाड्यावर आहेत! फक्त ह्या तीन गोष्टी कोणी एकत्र बांधल्या नाहीत. रस्ता व्हायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही, पण रस्ता होईपर्यंत काय करायचं ह्याचं एक उत्तर मला बुहोमाच्या त्या क्लार्कच्या टेबलावर मिळालं, आणि मी आमच्या शिबिराच्या मीटिंगमध्ये ते मांडलंय पण.

तसंच वेटिंग मदर्स होस्टेल. ज्यांचं घर लांब आहे किंवा ज्यांच्या बाळंतपणात धोका आहे त्या बायका तारखेच्या आधीच येऊन इथे राहतात. आम्ही गेलो तेव्हा मागच्या अंगणात चुली पेटलेल्या, मटोके म्हणजे कच्ची केळी शिजत होती, एक बाई बसून टोपली विणत होती, दुसरी तिच्या पोटावर हात ठेवून काहीतरी सांगत होती आणि दोघी खिदळत होत्या. आपल्याकडे माहेरघर योजना आहे आदिवासी भागात, कल्पना तीच. माझी नर्स मैत्रीण तिथून हलायलाच तयार नव्हती, स्वयंपाकाची सोय काय, सोबत कोण राहतं, मोठी पोरं घरी कोण सांभाळतं, सगळं विचारून घेतलं तिने.

लॅबमध्ये मला जास्त वेळ मिळाला. मी बाहेरची असल्यामुळे फक्त बघायचं होतं, पण तिथल्या टेक्निशियनने स्लाइड लावून मायक्रोस्कोप माझ्याकडे वळवला. ठाण्यात मी जे बघते ते बहुतेक व्हायवॅक्स, मलेरियाचा तुलनेने सौम्य प्रकार. इथे एकाच लाल पेशीत मलेरियाच्या जंतूच्या दोन दोन नाजूक रिंगा, काही तर पेशीच्या अगदी कडेला चिकटलेल्या, आणि एका फील्डमध्ये वाकडा केळ्याच्या आकाराचा गॅमेटोसाइट, म्हणजे डासात जाऊन पुढे पसरणारं जंतूचं रूप, फाल्सिपॅरमची सहीच ती. पेशंट कोण विचारलं तर शेजारच्या वॉर्डातली चार वर्षांची मुलगी. तिला शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध चालू झालेलं होतं. लाइट गेली तर काय करता विचारलं, तर बॅकअप आहे, आणि तोही बसला तर आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीत ठेवतो म्हणाला. स्लाइड रंगवायची त्याची सफाई बघून मी मनापासून दाद दिली. ते लोक कमी साधनात काम करतात हे खरं, पण म्हणून काम कमी दर्जाचं असतं हा समज घेऊन जाऊ नका.

आता एजन्सी. पहिली तक्रार वर सांगितलीच, खोटं आश्वासन. दुसरी, पॅकेजमध्ये दुपारी एका अनाथाश्रमाची भेट घुसवलेली होती, चॉकलेट वाटायची, पोरांबरोबर नाच करायचा, फोटो काढायचे. आम्ही दोघी गेलो नाही. रोज नवे पाहुणे येतात, मुलं गळ्यात पडतात, पाहुणे जातात, उद्या दुसरे येतात, ह्याने मुलांचं काय होतं ह्यावर जगभरात भरपूर बोललं गेलंय, आणि ज्यांचे आईबाप जिवंत आहेत अशी मुलंसुद्धा पाहुण्यांच्या पैशासाठी अशा ठिकाणी ठेवली जातात हेही. हा भाग कोणाच्याही पॅकेजमध्ये असेल तर काढून टाकायला सांगा. तिसरी तक्रार सगळ्यात वाईट. परत आल्यावर एजन्सीच्या इन्स्टाग्रामवर त्या लाल पट्टीवाल्या बाळाचा फोटो दिसला, चेहरा स्पष्ट, खाली बुकिंगचा नंबर. हॉस्पिटलने सकाळीच सांगितलेलं की पेशंटचे फोटो नाहीत, विचारल्याशिवाय कोणाचेच नाहीत. त्यांच्या माणसाने तरी काढला. मी फोन केला तर म्हणे मॅडम अवेअरनेससाठी आहे. मी म्हटलं तुमच्या स्वतःच्या पुतण्याचा आजारपणातला फोटो असा लावाल का. दोन-तीनदा पाठपुरावा केल्यावर काढला. हॉस्पिटलला पण मी मेल करून कळवलं.

शिवाय पैशाचा हिशोब धूसर. 'हॉस्पिटल डोनेशन' म्हणून जी रक्कम घेतली त्यातली किती पोचली ह्याची पावती मागितली ती अजून आलेली नाही. दोन स्टार देतेय ते गाडी आणि ड्रायव्हरसाठी, ड्रायव्हर उत्तम होता, घाटात एकदाही भीती वाटली नाही.

जाणाऱ्यांसाठी: एजन्सीशिवाय थेट हॉस्पिटलला लिहून दिवस ठरवता येतो, गावात राहायला साधी गेस्ट हाउस आहेत. यलो फिव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, त्या लसीचं पिवळं कार्ड सांभाळून ठेवा, आता ते आयुष्यभर चालतं, आणि येताना ते नसेल तर मुंबई विमानतळावर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून इथूनच सुरू करा. जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी जा, बाकी दिवसांत पायवाटा निसरड्या. शाकाहारी लोकांनी घाबरू नये, मटोके, राजमासारखे बीन्स, शेंगदाण्याची आमटी, कोबी, अव्होकाडो, आणि रस्त्याकडेला चपाती तर सगळीकडे, रेल्वे बांधायला गेलेल्या आपल्या लोकांच्या वेळेपासूनची. एअरटेलचं कार्ड चालतं, तिथे पैसे मोबाइलवरच फिरतात. कपडे, जुन्या वह्या, उरलेली औषधं नेऊ नका, एक्स्पायरी जवळ आलेल्या औषधांचा त्यांना उलट ताप होतो. काय हवंय ते आधी मेलवर विचारा. आम्हाला त्यांनी ग्लोव्हजचा साइज आणि स्लाइड्स सांगितल्या, त्या आम्ही ठाण्यातून होलसेलने घेऊन गेलो आणि त्याच दिवशी वापरात आल्या.